डावीकडून चढाई

हवालदार राजरत्न मोहिते आफ्रिकेतल्या एका देशात शांतता राखत होता. देशाचं नाव सुरक्षेच्या कारणास्तव कुणाला सांगायचं नव्हतं, त्यामुळे करी रोडच्या त्या चाळीत ते फक्त तिन्ही मजल्यांना आणि खालच्या इस्त्रीवाल्याला ठाऊक होतं. शांतता राखतो म्हणजे नेमकं काय करतो, असं कुणी विचारलं की त्याची बायको नम्रता सांगायची, "बटाटे मोजतो." लोकांना तो विनय वाटे. खरं तर बटाटे मोजायला त्याच्या हाताखाली दोघे होते. हा नुसता उभा राहायचा.

राजरत्न लष्कराच्या रसदीच्या तुकडीत होता. निळी हेल्मेटं घालून फिरणाऱ्या नाना देशांच्या फौजांना डाळ, तांदूळ, कांदे आणि गोठवलेली कोंबडी पोचवणं हे त्यांचं काम. जगात कुठेही शांतता नांदायची असेल तर आधी कांदा वेळेवर पोचावा लागतो, असं तो फोनवर गंभीरपणे सांगे, आणि नम्रताला ते पटेही. ती माटुंग्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती; डबा उशिरा आला की प्राध्यापकांचं काय होतं ते तिने पाहिलं होतं.

लग्नाला बारा वर्षं झाली होती. तेवढ्या काळात राजरत्नने अंबाला पाहिलं, जोरहाट पाहिलं, पठाणकोट दोनदा पाहिलं. नम्रताने करी रोड पाहिला. नवरा हा तिच्यासाठी वर्षातून दोनदा येणारा सण होता: येण्याआधी साफसफाई, आल्यावर गोडधोड, गेल्यावर पित्त. पण आता नोव्हेंबरात परदेशातली मुदत संपत होती, आणि पुढच्या बदलीचा हुकूम आला होता तो चक्क मुंबईच्या डेपोचा. तिने खिडकीचे पडदे बदलले. तिच्या स्वभावाच्या मानाने हा जल्लोष होता.

मग तिकडे साहेब बदलले.

आधीच्या कर्नलसाहेबांना बागकामाची आवड होती, म्हणून रसदीची तुकडी वर्षभर वांगी लावत होती. ते बढती मिळून मायदेशी गेले आणि नवे आले ते खेळाचे शौकीन. त्यांनी पहिल्याच आठवड्यात वांगी उपटून तिथे कबड्डीचं मैदान आखलं. शांतिसेनेच्या फौजांची दर जानेवारीत स्पर्धा असे आणि गेला चषक बांगलादेशच्या तुकडीने नेला होता. आपणच पोचवलेले तांदूळ खाऊन त्यांनी आपल्यालाच हरवावं, हे नव्या साहेबांच्या मनाला फार लागलं होतं. त्यांनी चौकशी केली तेव्हा कळलं, की तुकडीत धड चढाई करणारा माणूस एकच, हवालदार मोहिते. बाकीचे पकडीला ठीक होते, कारण त्यांना पोती उचलायची सवय होती.

राजरत्नने ही बातमी हवापाण्याच्या गप्पांत हळूच सरकवली. तुकडी नोव्हेंबरात परत येणार, पण सामान नव्या लोकांच्या ताब्यात द्यायला थोडे जण मागे राहतात, त्यांत साहेबांनी त्याचं नाव घातलंय. चषक होईपर्यंत.

"आणि मुंबई?" नम्रताने विचारलं.

मुंबईची जागा कुणासाठी थांबत नसते, असं तो म्हणाला. तारखेला हजर झालं नाही तर पुढचा माणूस जातो. साहेबांनी शब्द दिलाय, नंतर बघू म्हणून. नंतर कुठे, तर बहुतेक लेह. त्याचा आवाज दुःखी होता, पण त्या दुःखाला कडक इस्त्री केलेली होती. नम्रताने ते ऐकलं आणि फोन ठेवला.

ती उठून शेजारी गेली. दत्ताराम राणे, म्हणजे दत्ताकाका, यांनी चाळीच्या तीन पिढ्यांना कबड्डी शिकवली होती. राजरत्नही त्यांचाच चेला. लाल मातीचं मैदान गेलं, तिथे टॉवर आला, टॉवरच्या सातव्या मजल्यावर पोहण्याचा तलाव आला. काकांनी गॅलरीत शिकवायला सुरुवात केली. गॅलरीत एका अंगाला खोल्या आणि दुसऱ्या अंगाला कठडा. मध्यरेषा जिन्यापाशी. तिथून निघालं की डावीकडे कठडा आणि त्यापलीकडे तीन मजले हवा, त्यामुळे या चाळीचा प्रत्येक चढाईवाला उजवीकडूनच शिरायचा. लालबागची मंडळं याला करी रोडची शैली म्हणायची. काकाही तसंच म्हणायचे.

काकांनी सगळं ऐकलं आणि तंबाखू बाजूला ठेवली.

"चढाईवालो एकच आसा म्हणान ठेवतत ना त्येका? मगे दुसरो तयार करूचो. त्यात काय ता?"

"कुठून करताय?" आतून बकुळाकाकूंनी विचारलं. "गुडघे झिजान गेले, जिनो चढताना देव आठवतत, आणि ह्ये आफ्रिकेत माणूस तयार करतले."

काका म्हणाले, गुडघा फोनवर लागत नाही.

नम्रताने राजरत्नलाच विचारलं आणि त्याच्याच तुकडीत माणूस सापडला, बलजिंदर. गोठवलेल्या कोंबडीच्या कंटेनरचा तो प्रमुख होता. सहा फूट दोन इंच, आणि उणे अठरा अंशांत अर्धा दिवस काढल्यामुळे कशानेच न घाबरणारा. तो तुकडीत मागाहून आला होता, त्यामुळे त्याची मुदत जानेवारीच्या पुढेपर्यंत होती. कबड्डी तो लहानपणापासून खेळत होता, फक्त ती पंजाबची, गोल मैदानातली. तिच्यात एकाने एकाला भिडायचं असतं. समोरून सात जण एकदम अंगावर येतात हे त्याला अन्यायाचं वाटत होतं.

दर रविवारी दुपारी शिकवणी सुरू झाली. नम्रता गॅलरीच्या टोकाला फोन धरून उभी राही, काका जिन्यापासून तिच्या दिशेने चढाई करत येत आणि वाटेत थांबून हिंदीत समजावत. काकांची हिंदी मालवणातून निघून मुंबईत पोचलेली, बलजिंदरची जालंधरातून निघून कुठेच न पोचलेली. मधलं नम्रताला करावं लागे. "पाय आधी टाकूचो, डोळो मागसून" याचं हिंदी करताना ती पहिल्यांदा अडली, नंतर सरावली. बलजिंदर दर वाक्याला "जी उस्तादजी" म्हणे. तीन पिढ्यांत काकांना कुणी जी म्हटलं नव्हतं. तिसऱ्या रविवारपासून ते इस्त्रीचा सदरा घालून चढाई करू लागले.

या सगळ्यात एक चूक झाली होती आणि ती कुणाच्याच लक्षात आली नव्हती. काका फोनकडे तोंड करून येत आणि आपल्या उजवीकडे झुकत. बलजिंदर समोर उभा राहून आरशात बघून भांग पाडावा तसं ते उचले. म्हणजे करी रोडची शैली आफ्रिकेत पोचली ती पूर्ण, बारकाव्यांसकट, फक्त डावीकडून.

एका बुधवारी बलजिंदरने भाभीजींना सरावाची चित्रफीत पाठवली. नम्रता ती कॉलेजातल्या बाटल्यांच्या कपाटामागे उभी राहून बघत होती. बलजिंदर डावीकडून शिरला. कोपऱ्यात राजरत्न होता. त्याचे हात पुढे गेले, पण भलत्याच जागी. बलजिंदर त्याला शिवून आरामात परत आला. असं पाचदा झालं. नम्रताने चित्रफीत पुन्हा लावली. नवरा हरतोय याचा इतका आनंद तिला पूर्वी कधी झाला नव्हता.

रविवारी मात्र बलजिंदर उजवीकडून गेला आणि पाचही वेळा राजरत्नने त्याला घोट्यात धरून पाडला. काका खूष झाले, पकड बघितलीस ना, म्हणाले. नम्रताने बलजिंदरला विचारलं, बाजू का बदलली. तो म्हणाला, हवालदारसाहेबांनीच सांगितलं, उस्तादजींची गडबड झालीय, जायचं असतं उजवीकडून.

त्या संध्याकाळी तिने स्वतः फोन लावला.

"बलजिंदरची बाजू तू बदललीस?"

"चूक होती ती. काका समोरून शिकवतात, तो उलटं घेतो."

"उलटं घेत होता तेव्हा तुझ्या हाताला लागत नव्हता."

तो म्हणाला, तिकडून कधी कुणी आलंच नाही आपल्याकडे, सवय नाही. मग शैली नावाची काही गोष्ट असते, असं काहीतरी बोलू लागला.

"राज, तुला यायचंय का?"

राजरत्न बोलला, तुटक, एकेक वाक्य वजन करून. इकडे सकाळी चाळीस कंटेनर त्याची वाट बघतात. साहेब खांद्यावर हात ठेवतात. मैदानावर निघालं की घानाचे लोकसुद्धा नाव घेऊन ओरडतात, चुकीचं घेतात पण घेतात. आणि घरी तो आला की लोक खुर्ची देतात. स्वतःच्या घरात खुर्ची. सुट्टीचे दिवस माणूस पाहुणा म्हणून काढतो, पण मुंबईच्या बदलीची दोन वर्षं कशी काढायची?

"इथे मी लागतो, नमू. तिकडे तुझं सगळं माझ्याशिवाय बसलंय."

"बसलंय," नम्रता म्हणाली. "बारा वर्षं बसवलंय मी. आता विस्कटायला ये."



साहेबांनी शनिवारी निवड-सामना ठेवला. मागे राहणाऱ्यांची नावं त्याच दिवशी पक्की होणार होती. बलजिंदरने कुणाकडून तरी फोनवर सामना दाखवायची सोय केली, आणि इकडे गॅलरीत काकांच्या स्टुलावर नम्रताचा फोन गरम मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवला. बकुळाकाकू मटार सोलत बसल्या. आपल्याला यातलं काही कळत नाही, असं सांगून त्या सगळ्यांत पुढे बसल्या होत्या.

बलजिंदर मध्यरेषेवर आला. त्याने एकदा कोपऱ्यातल्या राजरत्नकडे पाहिलं, कबड्डी कबड्डी सुरू केलं आणि डावीकडे झुकला.

"अरे हो खंय चललो?" काका उभेच राहिले. "थंय कठडो आसा."

आफ्रिकेत कठडा नव्हता. बलजिंदर शिरला, दोघांना शिवला. राजरत्नने झेप घेतली, मनापासून घेतली. नम्रताला त्याचं तोंड दिसत होतं आणि त्यात अभिनय नव्हता. पण बारा वर्षांचा असल्यापासून त्याने उजवीकडून येणाऱ्यालाच धरलं होतं, हात तिकडेच गेले. बलजिंदर त्याच्या दंडाला हात लावून परत आला. पुढच्या चढाईला तसंच. त्याच्या पुढच्यालाही. साहेब खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवताना दिसले.

रात्री राजरत्नचा फोन आला. त्याने बलजिंदरला सामन्याआधी एकच गोष्ट सांगितली होती: उस्तादजी बरोबर होते. बाकी जे झालं ते खरं झालं, असं तो म्हणाला, आणि बरगडीला आयोडेक्स चोळत म्हणाला. त्याचं नाव परतीच्या पहिल्याच विमानात लागलं होतं. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला तो आता बलजिंदरच्या.

दत्ताकाकांनी दुसऱ्या दिवशी खाली इस्त्रीवाल्याला सांगितलं, की डावीकडची चढाई हा त्यांचा जुना विचार होता. मुंबईत तो आजमावायला जागा मिळाली नव्हती.

नोव्हेंबरात राजरत्न आला. जानेवारीत चषक पुन्हा बांगलादेशनेच नेला, एका गुणाने. बलजिंदरला उत्कृष्ट चढाईबद्दल टोस्टर मिळाला. तिकडचे साहेब पुन्हा बदलले. नव्यांना भजनाची आवड आहे, असं बलजिंदर कळवतो.

राजरत्न सकाळी मुंबईच्या डेपोत जातो आणि संध्याकाळी परत येतो, इतर माणसं येतात तसा. पहिले पंधरा दिवस चाळीने खुर्ची दिली, नंतर लोक विसरले. फेब्रुवारीतल्या एका रविवारी नम्रता बाजारातून आली तर त्याने तिचं अख्खं स्वयंपाकघर रसदीच्या नियमाने लावून ठेवलं होतं: जुना माल पुढे, नवा मागे, जड खाली, हलकं वर. पोहे माळ्यावर गेले होते. दोघांची कडाक्याची जुंपली. तिने बारा वर्षांचं काढलं, त्याने कंटेनरांचं काढलं, बकुळाकाकूंनी नीट ऐकू यावं म्हणून रेडिओ बंद केला.

मध्येच नम्रता थांबली. इतकी वर्षं प्रत्येक भांडण सुट्टी संपायच्या आत मिटवावं लागे, म्हणून बहुतेक भांडणं सुरूच केली नव्हती. आता घाई नव्हती.

"उरलेलं उद्या," ती म्हणाली, आणि पोहे काढायला त्याला माळ्यावर चढवलं.