सात डब्यांची एक टेप

हिंदुराव साहेबांना काडीनं दात कोरत बोलायची सवय होती. कोरून झालं की काडी ते टेबलाच्या कडेला पुसायचे, आणि ते टेबल नेमकं चन्नप्पाचं असायचं. सोलापुरातल्या त्या गिरणीत कॉम्प्युटर आला त्याला तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून चन्नप्पा रोज सकाळी आधी ती कड फडक्यानं पुसायचा आणि मगच मशीन चालू करायचा.

त्या बुधवारी साहेब म्हणाले, "उद्या लेबर ऑफिसर येतोय. बदलीवाल्यांनी अर्ज केलाय. हे सात डबे आहेत ना, त्यांची एकच टेप करून टाक."

मांडणीवर पत्र्याचे सात डबे होते. प्रत्येकात छिद्रं पाडलेल्या कागदी पट्टीचं एक भेंडोळं, म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम. एक हजेरी वाचायचा, एक पाळी बघायचा, एक खातं. असे सहा मिळून बदली कामगारांचे दिवस मोजायचे. कायमचा माणूस आला नाही की त्याच्या जागी त्या दिवसापुरता उभा करतात, तो बदली. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की त्याला कायम करावं लागतं. सातव्या डब्यावर साहेबांच्या अक्षरात 'दुरुस्ती' असं लिहिलं होतं. दुरुस्ती कसली, तर कुणाचेही दिवस दोनशे तीस झाले की पुढचे मोजायचेच नाहीत!

हा सातवा प्रोग्रॅम चन्नप्पानंच लिहिला होता. दोन वर्षांपूर्वी साहेब म्हणाले, नियम तसा आहे, आणि यानं मान डोलावली. बी.एस्सी. झालेल्या माणसाला त्यातली गोम कळली नाही असं थोडंच आहे? कळली होती. त्यानं विचारलं नाही, एवढंच.

"सात डबे दिसले की तो एकेक उघडून विचारत बसणार," साहेब काडी पुसत म्हणाले. "एकच टेप असली की त्याचा बाप आला तरी उलगडणार नाही. आणि जोडताना मशीन नावांचा जो कागद छापतं ना, तो फाडून टाक."

चन्नप्पाला शिसारी आली. पण शिसारी आलेला माणूस उठून तरी जातो. हा खुर्चीत बसून राहिला. असली नोकरी सोलापुरात दुसरी कुठं मिळणार होती? त्याची बायको दाक्षायणी अक्कलकोटला माहेरी गेली की मशीनचं कौतुक सांगताना थकत नसे.

त्यानं मशीनच्या टाइपरायटरवर हुकूम टाइप केला. आधी 'मर्ज', म्हणजे एकत्र कर, आणि पुढं सात नावं, चालवायची त्याच क्रमानं. मग एकेक पट्टी वाचणाऱ्या खाचेत सरकवायला लागला. एक पट्टी वाचून झाली की कागदावर तिचं नाव खटखट उमटायचं आणि पलीकडून नवी लांब पट्टी बाहेर पडायची. सहा नावं उमटली. सातवी त्याच्या हातात होती.

ही घातलीच नाही तर? उद्या यादीत सोजरबाईच्या नावापुढं खरा आकडा येईल. माढ्याकडची ही बाई सात वर्षं सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात बदलीवर होती. सकाळी गेटावर तो दिसला की विचारायची, "आण्णा, मशीनीत माजं दिस भरत आलं का वो?" हा म्हणायचा, "भरतील की." दर थंडीत ती त्याच्यासाठी हुरडा आणायची, आणि हा तो मिटक्या मारत खायचा.

साहेब मागं येऊन उभे राहिले. लवंगेचा आणि शिळ्या तोंडाचा वास त्याच्या मानेवर आला. त्यानं सातवी पट्टी खाचेत सरकवली. 'दुरुस्ती' हे नाव उमटलं. साहेब गेल्यावर त्यानं कागद फाडला नाही, घडी करून खिशात ठेवला. ते धैर्य नव्हतं. फाडायलाही त्याच्या अंगात बळ नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसरांसमोर एकुलती एक टेप मशीनमध्ये घातली, यादी निघाली. सोजरबाईला आत बोलावलं.

"बाई, मशीन दोनशे तीस दिवस म्हणतंय," ऑफिसर म्हणाले.

"न्हाय साहेब, दोनशे सत्तेचाळीस हायती की." तिनं पदराआडून दोऱ्यात ओवलेल्या चिठ्ठ्यांची माळ काढली. कामावर घेतलं की गेटावर शिक्का मारून द्यायचे, त्या. "रोज एक ववली. एक बी सोडली न्हाय."

"दुसऱ्यांच्या चिठ्ठ्याही ओवल्या असतील," हिंदुराव साहेब हसले. "मशीनला काय साहेब, ना सगा ना सोयरा."

ऑफिसर चन्नप्पाकडं वळले. "या टेपमध्ये दिवस मोजण्याखेरीज आणखी काही आहे?"

सोजरबाईही त्याच्याकडं बघत होती. तिला उत्तर माहीतच होतं. आण्णा खरं सांगणार. त्याच्या खिशात सात नावांचा कागद होता. नुसता काढून टेबलावर ठेवायचा होता.

"नाही साहेब," चन्नप्पा म्हणाला. "सगळं एकच आहे."

स्वतःचाच आवाज त्याला ओंगळ वाटला.

सोजरबाईनं माळ मुठीत गोळा केली. मग म्हणाली, "आण्णा म्हणत्यात म्हंजी माजंच मोजायचं चुकलं आसंल. लई तरास दिला साहेब तुमास्नी." आणि जाता जाता ती माळ तिनं चन्नप्पाच्या टेबलाखालच्या टोपलीत टाकली.

शुक्रवारी सकाळी तिला काम मिळालं. गेटावरच्या कल्लप्पानं शिक्का मारून चिठ्ठी पुढं केली. तिनं ती घ्यायला हातच पुढं केला नाही.

"ऱ्हाऊ द्या की. मशीनीत असतंयच." मागं चन्नप्पा उभा दिसला तशी ती हसली. "व्हय का न्हाय, आण्णा?"

"व्हय," चन्नप्पा म्हणाला.

तो वर गेला. टेबलाच्या कडेला काडी पुसल्याचा डाग होता. फडकं खुंटीलाच होतं. त्यानं ते घेतलं नाही. तसाच बसला आणि मशीन चालू केलं.