एलिझर डॉक्टरांचा दगड

“बाई, डोये मिटा अन् मंग पुढं या,” म्हणत शेषराव पाथरवटानं दगडावरचं ओलं पोतं ओढलं.

रिबेकाबाईंनी डोळे उघडले आणि त्या मटकन ओट्यावर बसल्या. वर्षापूर्वी गेलेले त्यांचे यजमान, गुरांचे डॉक्टर एलिझर नवगावकर, दगडातून हसत होते. चष्मा नाकावर घसरलेला, डावी भुवई वर चढलेली.

शेषरावाची छाती फुगली. जळगाव जामोदात उभा जन्म त्यानं पाट्यांना टाकी लावली, देवळांच्या पायऱ्या घडवल्या. पण चेहरा कर म्हणून कधी कोणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांच्या कबरीच्या या दगडावर बाईंनीही सांगितली होती ती फक्त अक्षरं. पुठ्ठ्यावर काढून दिलेली, उजवीकडून डावीकडे जाणारी हिब्रू अक्षरं. आठ दिवस कोळशानं फरशीवर गिरवली, तेव्हा कुठे ती त्याच्या हातात बसली. वरची मोकळी जागा मात्र त्याला खायला उठली. आपल्या अडलेल्या म्हशीसाठी जो माणूस भर उन्हात तीन तास चिखलात बसला, त्याचा दगड असा रिकामा ठेवणं त्याच्या मनाला पटेना.

“कसं झालं?”

“हुबेहूब,” बाई म्हणाल्या. “पण शेषरावभाऊ, हे चालायचं नाही. आम्हा ज्यू लोकांत कबरीवर चेहरा कोरत नाहीत.”

“काऊन?”

“आमच्या देवालाच मूर्ती नाही. तो शब्दातून बोलतो, म्हणून आम्ही अक्षरंच सजवतो. त्या अक्षरांत तुम्ही ‘इथे विसावले’ असं कोरलंत ना? तीच आमची नक्षी.”

“पण घरात त फोटो हाय तुमच्या!”

“घरात आहे. कबरीवर नको.”

शेषरावाला राग आला. बाईंचा नाही, स्वतःचाच. न विचारता शहाणपणा केला होता. रविवारी ठाण्याहून दहा माणसं वर्षाची प्रार्थना म्हणायला येणार होती आणि आज शुक्रवार. दुसरा दगड घडवायला वेळ नव्हता. असा चेहरा पुन्हा आपल्या हातून होणार नाही, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं.

“छिलून टाकतो,” तो खाली बघत म्हणाला.

बाई उठल्या. दगडाच्या गालावर त्यांनी पालथा हात ठेवला.

“दाढी करताना इथे नेहमी राहून जायची,” त्या म्हणाल्या. बराच वेळ त्यांनी हात काढला नाही. मग मागे सरकल्या. “करा आता.”

“तुमी घरी जा बाई. तुमच्यासमोर नाही जमणार मले.”

“आमच्यात गेलेल्या माणसाला मातीत ठेवेपर्यंत एकटं सोडत नाहीत.” त्यांनी पदर सावरला आणि ओट्यावर बसकण मारली. “मी इथेच आहे.”

शेषरावानं छिन्नी भुवईला लावली, काढून घेतली, आणि कानापासून सुरुवात केली. हातोडी अशी हळू पडत होती, जणू झोपलेल्या माणसाची झोप मोडू नये. कान गेले, हनुवटी गेली, हसू गेलं. बाईंनी एकदाही तोंड फिरवलं नाही. ऊन ओट्यावरून खाली उतरलं, तेव्हा दगडावर नुसता घसरलेला चष्मा उरला होता.

शेषरावानं हातोडी थांबवली आणि बाईंकडे पाहिलं.

“बाई, एवढा राहू देऊ?”

“हो,” त्या म्हणाल्या.