शिवणीतली माया

पँटचं बटण उडून शिवणयंत्राखाली गेलं. ते काढायला कॅप्टन वाकायला गेला आणि अर्ध्यातच अडकला.

"ही पँट आटलीय," तो म्हणाला. "साबण बदललास का?"

मशीनवर बसलेल्या बायकोने तोंडातल्या टाचण्या काढल्या नाहीत. तोंडात टाचण्या असल्या की उत्तर द्यावं लागत नाही, ही तिच्या धंद्यातली मोठी सोय होती.

कॅप्टन हे गल्लीने ठेवलेलं नाव. चालवायचा बिस्किटांची व्हॅन. चेपलेली पाकिटं घरी यायची: क्रीमची बिस्किटं, गोड पाव, चिप्स. साखर आणि वजन दोन्ही वाढल्यावर डॉक्टरांनी बजावलं, "पाकिटातलं खाणं बंद." पठ्ठ्याने त्याच दिवशी सगळी पाकिटं फोडून बरण्यांत भरली आणि तेव्हापासून तो बरणीतलं खात होता. कोणी वजनाचा विषय काढला की पँट दाखवायचा. "इतकी जुनी, तरी होते. डॉक्टरांचा काटाच बिघडलाय."

पँट व्हायची ती बायकोमुळे. शिवणीच्या आत जास्तीचं कापड राखतात, त्याला शिंपी माया म्हणतात. नवऱ्याच्या कपड्यांत ती सढळ हाताने माया ठेवायची. तो कामावर गेला की मागची शिवण उसवायची, थोडं कापड सोडायची आणि वरून इस्त्री फिरवायची. तो आरशापुढे खूश, म्हणून तीही खूश. पण हल्ली जिना चढताना तो मध्येच थांबून किल्ल्या शोधल्याचं सोंग करी, आणि ती खाली उभी राहून ते बघे. ती खरोखर घाबरली होती.

कॅप्टनने टॉवेल गुंडाळून पँट तिच्या हातात दिली. तिने ती उलटी केली. कापडाचा काठ शिवणीला येऊन टेकला होता. तिने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या.

"अहो, माया संपली."

कॅप्टनचा चेहरा उतरला. "माझ्यावरची? मी काय केलं?"

"पँटमधली हो," ती म्हणाली, आणि इतक्या काळजीतही तिला हसू फुटलं.

तिने त्याला जुन्या शिवणींच्या खुणा दाखवल्या. सुईच्या भोकांची एक ओळ, तिच्या बाहेर दुसरी, तिच्याही बाहेर आणखी. तो त्यांवरून अंगठा फिरवत राहिला.

"एवढा सुटलो मी?"

"तुम्ही सुटत गेलात, मी सोडत गेले."

"मग सांगायचं नाहीस?"

"आरशात बघून हसायचात ना. सांगवेना मला."

मग कपाटातून निळ्या कापडाचा तुकडा काढून त्याने टेबलावर पसरला.

"नवी शिव. आजच्या मापाची."

तिने माप घेतलं, खडूने रेघ ओढली आणि सवयीने तिच्या बाहेर, चांगल्या ऐसपैस अंतरावर दुसरी ओढली. कॅप्टनने ती बाहेरची रेघ तळहाताने पुसून टाकली.

"अहो, थोडी तरी राहू द्या. पुढं लागलीच तर?"

"शिवणीपुरतं ठेव, बास. आणि उद्यापासून व्हॅन चौकात लावतो. तिथून चालत येईन."

तिने कात्री उचलली. त्याच्यासाठी कापड बेतताना तिने आजवर कधी हात आखडता घेतला नव्हता. क्षणभर कात्री तशीच थांबली. मग रेघेबाहेर शिवणीपुरतंच कापड ठेवून ती कापत गेली.