अंगण ओलांडताना

दीपश्रीचा फोन सकाळी दहाला आला तेव्हा शकुंतला धारवाडला, केलगेरी भागातल्या आपल्या घरी पोळ्या लाटत होती. पलीकडून आधी नुसता आवाज ऐकू आला, पत्र्यावरून कुणी साखळदंड ओढत न्यावा तसा.

"आई, वारा फार वाढलाय गं."

दीपश्री एका सहामाहीसाठी रियुनियन बेटावर शिकायला गेली होती. हिंदी महासागरातलं छोटंसं बेट, तिथली सगळी माणसं फ्रेंच बोलणारी. हुबळीत विद्यानगरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या या मुलीला मुळात जायचंच नव्हतं. धारवाडहून हुबळीला बसने जायचं तरी वाटेत दोनदा घरी फोन करणारी ती. शकुंतलानेच मागे लागून अर्ज भरायला लावला, फ्रेंचचा क्लास लावून दिला. बावीस वर्षं शाळेत शिकवलं, पण आपण कधी बेळगावपलीकडे गेलो नाही. निदान हिने जावं, असं तिला वाटे.

वादळ येणार हे दोन दिवस आधीच कळलं होतं. त्या सकाळपासून बेटावर लाल इशारा लागू होता, कुणीही घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. दीपश्रीची खोली घरमालकिणीच्या अंगणात मागच्या बाजूला, वर पत्रे.

"कोपऱ्यातला पत्रा उचलला जातोय. फटीतून आभाळ दिसतंय. काय करू मी?"

"बाईंच्या घरात जा की."

"बाहेर पडू नका म्हणून सांगितलंय. दार समोरच आहे, बारा-पंधरा पावलं. पण अंगणात फांद्या उडतायत."

शकुंतलाच्या हाताला पीठ तसंच होतं. नवरा वेंकटेश वकील; ते हुबळीला कोर्टात होते आणि त्यांचा मोबाइल बंद असणार. विचारायला कुणी नव्हतं. पलीकडे काहीतरी धाडकन आपटलं आणि दीपश्री किंचाळली.

"जा," शकुंतला म्हणाली. "डोक्यावर उशी धर आणि जा."

"नक्की?"

"जा म्हणते ना."

दाराची कडी काढल्याचा आवाज आला. मग वारा थेट फोनमध्ये शिरला आणि फोन बंद पडला.

तिने परत लावला. लागला नाही. अकरा वाजले, बारा वाजले. तव्यावरची पोळी जळून काळी झाली होती, ती तिने तशीच उचलून टाकली. डोळे मिटले की तिला एक अनोळखी अंगण दिसे आणि त्यात आडवी पडलेली मुलगी. सरकार सांगतंय आत राहा, आणि आपण इथे बसून, जे डोळ्यांनी पाहिलंही नाही त्यात तिला ढकललं.

दोनच्या सुमाराला परदेशातल्या अनोळखी नंबरावरून आवाजी निरोप आला. एक म्हातारी बाई भराभर बोलत होती. शकुंतलाला एकच शब्द कळला, "दीपश्री". तो दोनदा आला.

ती फोन घेऊन शेजारच्या मीनाक्षी अक्कांकडे धावली.

"एनात्रि?" काय झालं म्हणून अक्कांनी कानडीत विचारलं आणि तिचा चेहरा बघून तिला खुर्चीवर बसवलं.

अक्कांच्या मोबाइलवर भाषांतराचं अ‍ॅप होतं. त्यांनी निरोप त्याच्यासमोर वाजवला. म्हातारी बेटावरची बोली बोलत असावी. अ‍ॅपला धड काही उमगलं नाही. पडद्यावर तुटक शब्द उमटले: मुलगी, पडली, हात, रस्ता नाही, डॉक्टर नाही, झोपली आहे.

"झोपली म्हणजे झोपलीच असेल," अक्का म्हणाल्या. पण त्या शकुंतलाकडे बघत नव्हत्या.

साडेचारला वेंकटेश घरी आले. शकुंतलाने त्यांना शब्द दाखवले. आपण काय सांगितलं होतं ते मात्र जिभेवर येईना. दोघं फोन मध्ये ठेवून बसले. पंख्याचा आवाज नको म्हणून वेंकटेशनी तो बंद केला.

साडेपाचला त्याच नंबरावरून फोन आला.

"आई, मी."

शकुंतलाला हुंदका फुटला. वेंकटेशनी फोन घेऊन स्पीकर लावला. दीपश्री अंगणात पाय घसरून पडली, तिचं मनगट मोडलं होतं. झाडं पडून रस्ते बंद होते, म्हणून बाईंनी लाकडी पळी लावून हात बांधला आणि वेदनेची गोळी देऊन झोपवलं. आता वारा ओसरला होता, सकाळी दवाखान्यात नेणार होते.

"एवढ्या वादळात बाहेर जायला सांगितलं कुणी तुला?" वेंकटेशनी विचारलं.

"कुणी नाही, अप्पा. मीच गेले."

"आणि खोली?"

"खोली आहे तशीच आहे. एक पत्रा वाकलाय. बिछाना कोरडाच आहे."

"मी सांगितलं तिला," शकुंतला म्हणाली. "मी जा म्हटलं."

वेंकटेशनी तिच्याकडे बघितलं. मग आत जाऊन पाण्याचा तांब्या आणून तिच्यापुढे ठेवला.

"आई," दीपश्रीने विचारलं, "उद्या खोलीत परत जाऊ का मी?"

शकुंतलाने तांब्या बाजूला सारून फोन जवळ ओढला.

"बाईंना विचार," ती म्हणाली. "तिथलं त्यांना कळतं."