मंगळावरच्या माणसाचा शेवट

बोटाखाली 'स्व' आला, मग 'प्न'... जोडाक्षरं गोजाबाईला अजून अडवायची, म्हणून तिनं तो शब्द तीनदा लावून पाहिला. तिन्ही वेळा तोच निघाला. स्वप्न. म्हणजे शालनबाईनं काल वाचलं तेच छापलेलं होतं — आणि तरी मन मानेना.

पिंपरीच्या नव्या औषधाच्या कारखान्यात बाटल्या धुणाऱ्या बायका तेव्हा जेवणाच्या सुट्टीत शेडमागे बसायच्या, आणि शालनबाई वाचनालयातली कादंबरी वाचून दाखवायची. महिनाभर ही मंगळाची चालली होती. रघुनाथ नावाचा माणूस यंत्रात बसून एकटाच मंगळावर जातो. तिथली तांबडी माती, आभाळात दोन चंद्र, श्वासाश्वासानं संपत चाललेली हवा... ऐकता ऐकता भाकरीचा घास हातात तसाच राहायचा. आणि काल, शेवटच्या पानावर, रघुनाथ आपल्याच अंथरुणात जागा झाला. बायको चहा घेऊन उभी. सगळ्याजणी हसल्या. गोजाबाई मात्र शालनबाईच्या तोंडाकडं बघत राहिली, कारण वाचताना तिनं मान वर केली नव्हती, आवाज उगाच मऊ झाला होता — आणि असा मऊ आवाज गोजाबाईनं पूर्वी एकदा ऐकला होता.

तिच्या गावच्या, निघोज्याच्या शाळामास्तरांचा. लढाईच्या दिवसांत नवऱ्याच्या पलटणीतल्या सोबत्याचं पत्र आलं तेव्हा. कागद दोन्ही अंगांनी भरलेला, आणि मास्तरांनी तो दोन दमांत वाचून संपवला. सापडत नाही, शोध चालू आहे, काळजी करू नये. त्याला बारा वर्षं झाली. तेवढ्यावर तिनं कुंकू राखलं होतं, आणि तेव्हापासून मनात एकच — मास्तरांनी काहीतरी गाळलं.

म्हणून आज तिनं पुस्तक मागून घेतलं होतं. माझी कीव येऊन हिनं गोड शेवट ऐकवला असंल... खरा रघुनाथ तिकडंच राहिला असंल.

"आसंच लिवलंय व्हय," ती पुस्तक मिटत म्हणाली.

शालनबाईनं डबा विसळता विसळता वर पाहिलं. "मग? मी पदरचं घातलं, असं वाटलं तुला?"

"वाटलं."

"अगं बयो, पदरचं घालायचं असतं तर याहून बरं घातलं असतं. एवढा माणूस मंगळावर नेला, आणि शेवटी गोधडीत आणून टाकला. भ्याला मेला लिहिणारा."

संशय फिटल्यावर हलकं वाटायला हवं होतं. उलट काहीतरी हातचं गेल्यासारखं झालं. शालनबाई खोटं बोलली असती, तर त्या खोट्याखाली खरा शेवट कुठंतरी असता. इथं तर सगळं जाणणाराच शेवटाशी येऊन कचरला होता... मग मास्तर? की मास्तरांनी होतं तेवढंच वाचलं, आणि कचरला तो पत्र लिहिणारा सोबतीच — कागदाची दोन्ही अंगं थंडीपावसाच्या गोष्टींनी भरून?

भोंगा झाला. गरम पाण्याच्या वाफेत तिचे हात आपोआप चालू लागले. पत्र पेटीत होतं, लुगड्यांच्या तळाशी. साक्षरतेच्या वर्गाला जायला लागून तिला वर्ष झालं होतं. सही यायची, पाट्या लागायच्या, आता छापील पानही लागलं. हाताचं अक्षर मला कुठं लागायला... असं ती वर्षभर म्हणत आली होती, आणि एकदाही लावून पाहिलं नव्हतं.

तिनं बाटली उजेडाकडं धरली. बारा वर्षं आपण मास्तरांवर संशय घेतला. त्यातलं शेवटचं वर्ष तरी कचरलो ते आपणच, असं तिला वाटून गेलं — आणि स्वच्छ झालेली बाटली ती पुन्हा धूत राहिली.