दात घासायची डबी

उत्तनच्या जुडिथला कुणी तंबाखू खाणारी म्हटलं असतं, तर तिने मासळीची पाटी त्याच्या डोक्यात घातली असती. बिडी ओढणाऱ्या माणसाला ती दारातसुद्धा उभं करत नसे. हां, मिशरी तेवढी लावायची. पण मिशरी म्हणजे काय व्यसन झालं? तंबाखूची पानं तव्यावर काळीठिक्कर भाजायची, चुरून डबीत भरायची आणि त्याने दात घासायचे. जुडिथची आई घासायची, जुडिथ घासते, आणि लेक स्टेफनीलाही दाढदुखीच्या निमित्ताने तिनेच शाळेत असताना लावायला दिली होती. पोरगी सकाळी घासायची, कामावरून आली की घासायची, चिडली की आणखी एकदा.

ह्या स्टेफनीचं नाक लहानपणी होडीच्या काठावर आपटून वाकडं झालं होतं. एका नाकपुडीतून श्वास धड येत नसे, आणि पूनम सागरमधल्या ज्या दुकानात ती कामाला होती, तिथे गिऱ्हाईक समोर आलं की ती तोंड जरा तिरकं धरायची. नाताळनंतरचं लग्न ठरलं, तसं तिने जाहीरच केलं, "आये, मी सरळ नाकानं चर्चमधी आल्टरसमोर उभी राहणार."

मग काय, महिनाभर घरात नाकाच्या ऑपरेशनशिवाय दुसरा विषय नाही! सूज पूर्ण उतरायला वर्ष लागतं, चष्मा नाकावर ठेवायचा नाही, उशी उंच घेऊन झोपायचं, नाक शिंकरायचं नाही. मोबाईलवर वाचवाचून स्टेफनीला सगळं पाठ झालं होतं, आणि ऐकून ऐकून जुडिथलाही.

शांती नगरच्या डॉक्टर मृणालिनींनी तर सगळं खोदून खोदून विचारलं. कुठल्या गोळ्या चालू आहेत? रक्त लवकर थांबतं ना? सिगारेट, तंबाखू?

जुडिथला रागच आला. "डॉक्टर, आमच्या घरान तंबाखूला कोनी शिवत न्हाय. हिचा बाप दर्यावर जायचा, त्यानं पन कधी बिडी ओढली न्हाय!"

"चांगलं आहे. कारण तंबाखू असेल तर मी ऑपरेशनच करत नाही," डॉक्टर म्हणाल्या. मायलेकी एकमेकींकडे बघून हसल्या.

ऑपरेशन छान झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, वरच्या दातांवर ब्रश लावू नका, धक्का बसेल. जुडिथने ते अगदी मनावर घेतलं. पोरीचं तोंड कोरडं पडायचं, वरचे दात बधिर झालेले, चिडचिड तर विचारू नका. ब्रश नको ना? नको. जुडिथने डबी उघडली आणि बाळाला भरवावं तशी आपल्या बोटाने तिच्या दातांवर मिशरी चोळली. पोरगी शांत व्हायची. जुडिथला वाटायचं, माझ्या हाताला गुण आहे.

प्लास्टर काढायच्या दिवशी स्टेफनीने मुद्दाम नवा ड्रेस घातला. डॉक्टरांनी पट्टी हळूच सोडवली आणि त्यांचा हात तसाच थांबला.

नाक सरळ होतं. शेंडा मात्र काळानिळा पडला होता. स्टेफनीने समोरच्या आरशात पाहिलं.

"तंबाखू कोण देतंय हिला?" डॉक्टरांचा आवाज चढला.

"अवो, कितींदा सांगू? न्हाय म्हंजे न्हाय!"

डॉक्टरांनी स्टेफनीचा वरचा ओठ हलकेच उचलला. दातांच्या फटींत काळं अडकलेलं होतं. "मग हे काय आहे?"

"ही? मिशरी हाय," जुडिथ चक्क कौतुकाने म्हणाली. "तुम्हीच बोललात ना ब्रश नको. म्हनून मी बोटानं घासते, दोनी वेळेला."

डॉक्टरांनी ओठ सोडला. "मावशी, मिशरी तंबाखूच असते."

"पन भाजलेली हाय. भाजल्यावर काय उरतंय तिच्यात?"

"सगळं उरतं. हिरड्यांतून थेट रक्तात जातं. नाकाच्या शेंड्याला रक्त नेणाऱ्या नसा आधीच बारीक, त्या आवळल्या जातात. तिथलं रक्त थांबलं की कातडी मरते."

जुडिथने आपल्या काळवंडलेल्या बोटाकडे पाहिलं. ह्या बोटाने? माझ्या पोरीला मी, मी ह्या बोटाने?

"वाचंल का ओ?" तिने कसंबसं विचारलं.

"थोडी कातडी जाईल, व्रण राहील. किती, ते आज नाही सांगता येणार. पण आजपासून हिच्या तोंडात एक कणही जाता कामा नये. एक कणही!"

औषध लावून, नवी पट्टी बांधून झाल्यावर दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या. स्टेफनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. जरा वेळाने ती आईच्या कानाशी आली.

"आये, डबी हाय ना तुझ्याकडं?"

"हाय गो. आत्ता देते फेकून गटारात!"

"फेकू नको." स्टेफनीने तिचा पदर घट्ट धरला. "थोडीशी दे. शेवटची. डोकं फुटतंय माझं."

आताच आरशात आपलं नाक बघून आलेली पोरगी हे मागत होती! "न्हाय!" जुडिथ अशी ओरडली की बाकावरचे सगळे वळून बघायला लागले. डबी दूर फेकायची म्हणून तिने कमरेच्या पिशवीकडे पाहिलं. तिचा स्वतःचाच हात आधीच पिशवीत होता, डबीचं झाकण उघडलेलं होतं, आणि तिच्या बोटाला मिशरी लागलेली होती.