जानकीची झोप

दुपारची पेज पोटात गेली की जानकी पाच मिनिटांत घोरायला लागायची, आणि ते ऐकत मी धामापूरच्या देवळाच्या ओवरीत टक्क जागी. इतका राग यायचा की उठून तिचे गाठोडे तळ्यात फेकावे असे वाटे.

घर तिलाही नव्हते नि मलाही. माझा नवरा होडीसकट गेला आणि अठ्ठावन्न साली दीर गुणाजीने मला अंगावरच्या लुगड्यानिशी बाहेर काढले. मी थेट इथे आले, देवीपुढे नारळ ठेवला आणि गुरवाकरवी गाऱ्हाणे घातले, की गुणाजीचे वाटोळे होऊ दे. असा नारळ ज्याचा त्यानेच उचलायचा. तोवर गाऱ्हाणे चालू राहते. तीन वर्षे तो इतरांच्या नारळांसोबत कोनाड्यात होता. मालवणच्या बाजारातून येणाऱ्या बायकांना मी विचारायची, गुणाजी कसा आहे? बरा असायचा. उलट अंगाने सुटला होता.

तशात ही वालावलकडची जानकी आली आणि महिन्याभरात ओवरी तिची झाली. गुरवाची बायको चंद्रावती पेज आधी तिला वाढी. तळ्यावर धुणे धुवायला येणाऱ्या बायका तिच्यापाशी टेकत. माझ्यापाशी का नाही? इथली जुनी मी. हिने काही सोसलेच नसेल, म्हणून हिला हसू येते, अशी मी मनाची समजूत घातली.

एकदा ते नाना गुरवाला बोलूनही दाखवले. तो म्हणाला, "अगो रुक्मिणी, तिणाय आपल्या दिराच्या नावान नारळ ठेवललो. तुझ्याच नारळाच्या बाजूक. दोन वर्सां होतो. हंय ऱ्हवाक इली त्याच दिवशी उचलल्यान."

मी तडक जाऊन तिला हलवून उठवले. "तुझ्या दिरान तुका काय केल्यान गो?"

"भायर काढल्यान. चेडवाक ताप होतो. वाटेरच गेला माझा चेडू."

पोटची लेक गेलेली; मला वाईट वाटायला हवे होते. वाटलेही. पण आधी वाटला तो हेवा. दुःखातसुद्धा ही माझ्यापुढे.

"आणि तरी नारळ उचललंस?"

"तो थंय होतो तवसर दीर रोज माझ्या उशाक येवन बसायचो," ती म्हणाली. "नारळ उचललंय, तसो तो उठान गेलो." एवढे सांगून तिने कूस बदलली आणि ती पुन्हा झोपली.

मी कोनाड्यापाशी गेले. क्षमाबिमा माझ्या मनात नव्हती, देवीसमोर खोटे कशाला बोलू? मला फक्त जानकीची झोप हवी होती. नारळ उचलला. आत खोबरे सुटून खुळखुळत होते. नाना गाऱ्हाणे मागे घ्यायला उभा राहिला. "गुणाजीसाठी काय मागू?"

मी नारळ कानाशी नेऊन पुन्हा हलवला. मग म्हटले, "बरो ऱ्हवांदे मेलो."

दुसऱ्या दिवशी पेज पिऊन मी आडवी झाले. जाग आली तेव्हा उन्हे तळ्यापलीकडे गेली होती. जानकी भिंतीला टेकून बसली होती, डोळे तारवटलेले.

"काय घोरतंस गो," ती म्हणाली. "माका डोळो लावूक दिलंस नाय."

मी तोंडाला पदर लावून हसले.